डावा हात पाहणारी म्हातारी

श्रीमंगलमूर्तीच्या चरणी मस्तक ठेवून आणि कुलस्वामिनीचे स्मरण करून हा वृत्तान्त लिहावयास बसलो आहे. निमित्त असे, की माझे बालमित्र सोपान यांच्या मातोश्री राहीआई यांचे वर्षश्राद्ध काल यथाविधी पार पडले. पिंडदान आटोपल्यावर सोपान मला म्हणाला, "आता लिही वामनभट. आता तिला कुणी काय इचारणार न्हाई." त्या माउलीच्या हयातीत, आणि पुढे वर्षश्राद्ध होईपर्यंत, यातील एक अक्षरही कागदावर उतरवायचे नाही, असे आम्हा दोघांचे ठरले होते. ते बंधन काल सुटले.

आरंभीच सांगतो, की भुताखेतांच्या गोष्टींना माझ्या घरात कधी थारा नव्हता. माझे अध्ययन पाठशाळेत झाले. ईश्वरावर माझी निष्ठा आहे, शास्त्रावर आहे. परंतु पिंपळावर कोण बसते आणि ओढ्याकाठी कोण हाक मारते, असल्या गप्पा कोणी काढल्या की मी उठून जात असे. आजही जातो. म्हणूनच पुढे जे लिहितो आहे त्यात माझ्या डोळ्यांनी पाहिलेले कोणते आणि दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेले कोणते, हे वेगळे ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. वाचकांनीही ते वेगळे ठेवावे.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षे झाली होती. आम्ही चिंचवड गावठाणातले. माझी वृत्ती भिक्षुकीची आणि पंचांगाची. सोपान शेतकरी, पण देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला लागलेला. माझी आई मी लहान असतानाच गेली. शाळा सुटली की राहीआई सोपानाबरोबर मलाही गूळ-शेंगदाणे देत असे. तेव्हा मी तिला आई म्हणत आलो, यात नवल नाही.

तिला दोन मुलगे. थोरला सोपान, धाकटा दगडू. दगडूच्या डाव्या हाताची दोन बोटे अर्धी होती. उसाच्या चरकात सापडली होती. त्या दिवशी चरकाचे बैल सोपान हाकीत होता. त्याचा दोष नव्हता, पण दोघा भावांच्या मनात ते कायम राहिले. पुढे एकदा नांगरटीवरून भांडण पेटले, जुने सगळे निघाले आणि सोपान बोलून गेला, "पुन्हा तोंड दावू नगंस." दगडू त्याच दुपारी गेला तो नऊ वर्षे आला नाही.

त्या वर्षी आश्विनात राहीआई उंबऱ्यावर पडली आणि तिचा खुबा मोडला. डोळे मोतीबिंदूने आधीच गेल्यासारखे होते. वैद्यांनी सोपानाला बाजूला घेऊन सांगितले, की होळी दिसेलसे वाटत नाही. तिने मागितले एवढेच, "दगड्याचा हात एकदा माझ्या हातात दे. मग मी काय मागत न्हाई."

योगायोगाने डेपोतल्या एका कोकणी माणसाने सांगितले, की अलिबागेच्या खाली समुद्रकाठच्या कोठल्याशा गावात घाटावरचा एक माणूस जाळी दुरुस्त करतो आणि त्याची डाव्या हाताची बोटे तुटकी आहेत. गावाचे नाव त्याला आठवेना. सोपानाने आठ-दहा दिवसांची रजा काढली. गावोगाव विचारीत चालत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. मला राहीआईने बोलावून घेतले आणि ती म्हणाली, "तू बी जा बाबा. हा तापट हाय. आणि तुला पंचांग येतंय, परमुलखात उपेगी पडंल."

पंचांग पडले उपयोगी. कसे, ते पुढे येईलच.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशीस आम्ही चिंचवड स्टेशनावरून गाडीने निघालो. खोपोलीहून मोटारीने व खाडीतल्या नावेने मजल करीत अलिबागेस पोचलो. पंचांगाची प्रत मी घरी मुलाला ठेवून आलो होतो. तिथी मनात आहेत, ओझे कशाला, हा विचार. पौर्णिमेस पहाटे अलिबागेच्या किनाऱ्यावर समुद्रस्नान केले. पर्वाखेरीज समुद्राला स्पर्श करू नये म्हणतात, तेव्हा हे एक पुण्य पदरी पडले म्हणून मी प्रसन्न होतो. सोपानाने समुद्र प्रथमच पाहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, "एवढं पाणी, आणि प्यायला घोट न्हाई. कुणाच्या उपेगाचं रं हे?"

त्या संध्याकाळी रेवदंड्याच्या कोळीवाड्यात चौकशी केली. ओटीवर जाळे विणीत बसलेल्या एका वृद्धाने आमच्याकडे बघून हातातले काम खाली ठेवले.

"डाव्या हाताची बोटं तुटकी? अवो, कालच एक म्हातारी आयली व्हती. तीपन तेच इचारी. ज्याला त्याला म्हनं, डावा हात पुढं कर. आमच्या पोरांना हसू आलं."

सोपानाचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "सोपाना, पोटचा मुलगा हरवलेली जगात एकच आई नसते."

"व्हय," तो म्हणाला. पण रात्री जेवला नाही.

त्याच वृद्धाने मला भरतीचे गणित शिकवले. तिथीची तिप्पट करावी, तिची चौथाई घ्यावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, नियम एकच. चंद्र, समुद्र आणि माझे पंचांग एका सूत्रात ओवलेले पाहून मला फार आनंद झाला. पुढील दोन दिवस मी सोपानाला, त्याने न विचारताच, भरतीच्या वेळा सांगत होतो. तो म्हणाला, "आता तूच समुद्राचा मुकादम."

दुसऱ्या दिवशी खाडी ओलांडून कोर्लई, नांदगाव करीत दिवेलागणीस मुरुडास पोचलो. नांदगावात एका किराणा दुकानदाराने आपण होऊन सांगितले, "तुमच्यातलीच एक बाई काल येऊन गेली. हिरवं इरकली लुगडं, उजवा पाय ओढत चालते. काठी डाव्या हातात. तुमच्यासारखंच 'व्हय-न्हाई' बोलते."

राहीआईचा उजवा पाय तरुणपणापासून अधू होता. काठी ती डाव्या हातातच धरी. हिरवे इरकली लुगडे तिच्यापाशी एक होते.

मुरुडच्या धर्मशाळेत सोपान गाठोडे बांधून बसला. "मी परत जातो. आय गेली असंल. तिचा जीव इकडं फिरतोय."

माझ्याही मनाला ते शिवून गेले नाही असे नाही. पण मी म्हणालो, "ती गेली असेल तर तू परतून काय होणार? आणि ती असेल, तर तू रिकाम्या हाताने परतल्यावर तिला काय सांगशील?"

 त्याने गाठोडे सोडले आणि त्यातली शिळी भाकरी काढून माझ्यापुढे अर्धी ठेवली.

तिसऱ्या दिवशी राजपुरीच्या खाडीत दिघीकडे नेणारा नावाडी भेटला. सोपानाने आता स्वतःच विचारले, की काल कोणी म्हातारी आली होती का.

"आली तर! लई खटपटी म्हातारी. बसल्या बसल्या म्हनली, नावेला गळती हाय, डांबर लाव, मानसं बुडवशील. उतरताना परत तेच. माझ्या बायकोनं बी एवढं टोचलं नाय कधी."

सोपान एकदम हसला. दोन दिवसांत प्रथमच. म्हणाला, "आयच ती." आणि हसता हसता त्याने उपरण्याने डोळे पुसले. नावेला गळती खरोखर होती. आमचे पाय भिजले.

येथपर्यंतचे सारे ऐकलेले. पाहिलेले आता सांगतो.

चौथा दिवस दिघीहून दिवेआगरपर्यंत गेला. तेथे कोणी काही सांगितले नाही, ना दगडूचे, ना म्हातारीचे. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालो. माझ्या हिशेबाने त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. आम्हा चिंचवडकरांना संकष्टी चुकवता येत नाही. मी स्नानसंध्या करून उपवास धरला होता. पुढच्या गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तेथील लोक अजून तेथेच राहतात.

मधे एक डोंगराचे टोक समुद्रात उतरले होते. दिवेआगरात सांगितले होते, की ओहोटीत टोकाखालच्या खडकांवरून गेले तर गाव पाव तासावर. नाहीतर वरून चढून तासाचा फेर. मी गणित केले. चार तिप्पट बारा, बाराची चौथाई तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला पूर्ण ओहोटी. ओहोटीनंतर दोन तास, म्हणजे अकरापर्यंत, वाट मोकळी. टोकाशी पोचलो तेव्हा सोपानाच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

त्या शेवटच्या अर्ध्या कोसात ओल्या वाळूवर आमच्या पुढे एकच पाऊलरांग होती. लहान, अनवाणी पावले. डाव्या बाजूला काठीची खूण. उजव्या पावलामागे ओढल्याची रेघ. ती कोठून सुरू झाली हे आम्ही पाहिले नाही; आम्ही वाटेने येऊन मधेच वाळूत उतरलो होतो. पण रात्रीच्या भरतीने वाळू धुऊन गेलेली होती, आणि पावले त्यानंतरची होती, हे निश्चित. मी वाकून पाहिली. एका पावलाच्या टाचेतली भेग वाळूत उमटलेली मला दिसली.

सोपान जवळजवळ धावत सुटला. टोकाशी आल्यावर ती पावले खडकांकडे गेलीच नाहीत. डावीकडे वळून डोंगरावर जाणाऱ्या पायवाटेला लागली होती.

मी म्हणालो, "वर कशाला? अर्धा तास हातात आहे. खालून जाऊ."

"पावलं वर गेलीत."

"सोपाना, ती कोणाचीही असतील. मी तिथीवरून सांगतो आहे. उपाशीपोटी तासभर चढायचे कशासाठी?"

तो थांबला. माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "वामनभट, तुजी तिथी तुज्यापाशी. माझी आय हितनं वर गेलीया."

आणि चढू लागला. मला राग आला. इतकी वर्षे ज्या विद्येवर पोट भरले तिचा असा अव्हेर! क्षणभर वाटले, आपण खालून जावे आणि गावाच्या वेशीत त्याची वाट पाहत बसावे. खडकावर दोन पावले टाकलीही. मग राहीआईचे शब्द आठवले — हा तापट आहे, तू बरोबर जा. परत फिरलो आणि त्याच्या मागे लागलो.

निम्म्या चढावर एक मोकळी जागा आहे. तेथे दम खायला थांबून मी खाली पाहिले. ज्या खडकांवरून आम्ही या वेळी चालत असलो असतो, ते खडक पाण्याखाली गेले होते. लाट उभ्या कड्यावर आपटून परत फिरत होती, आणि कड्याला हात घालायला कोठे खोबण नव्हती. सोपानाने घड्याळ काढून पाहिले. पावणेअकरा. घड्याळ खिशात घालून तो पुढे चढू लागला. मला दोन शब्द बोलला असता तर बरे झाले असते.

माथ्यावर उंडीच्या झाडाखाली एक माणूस पाण्याची घागर आणि दोन शहाळी घेऊन बसला होता. त्रासलेला दिसत होता. आम्हाला पाहून उठला आणि उभाच राहिला.

सोपान पुढे झाला.  त्याने नुसता हात पुढे केला आणि दगडूचा डावा हात हातात घेतला.

दगडूच पहिल्यांदा बोलला. "आय हाय का?"

"हाय. अंथरुणावर हाय."

"मग सकाळची म्हातारी कोण?" तो म्हणाला. "बायकोनं हातातलं जाळं टाकाय लावून हितं पिटाळलं मला. म्हनं, एक म्हातारी पाय वढत येऊन सांगून गेली — वरच्या वाटेनं दोन माणसं येत्यात, त्यांना पाणी घेऊन जा. मी तासभर बसलोय. म्हटलं, येडी का खुळी."

म्हातारीला दगडूने पाहिले नव्हते. पाहिले ते त्याच्या बायकोने, पार्वतीने. ती तिथलीच, कोळ्यांची मुलगी. सासूला तिने जन्मात कधी पाहिलेले नव्हते. घरी गेल्यावर तिने मला सर्व सांगितले, ते तिच्याच शब्दांत देतो.

"सकाळी उंबऱ्यात येऊन बसली. म्हनली, दगडूचं घर हेच ना? चूल पेटली नवती, रातची तांदळाची भाकरी व्हती, ती दिली. अर्धी खाल्ली, अर्धी पदरात बांधली. मी म्हटलं, बसा, त्यांना बोलवते. तर म्हनली, नगं, त्याला वरच्या वाटेला धाड, पाणी दे संगती. मला बिगी बिगी जायाला पायजे. तिकडं मी एकटीच पडून हाय."

"पडून आहे, असे म्हणाली?" मी विचारले.

"व्हय. मला वाटलं, म्हातारी मानूस, बोलन्यात चुकलं."

मग तिने आमच्यापुढे ताटे मांडली. मी म्हणालो, "बाई, माझी आज संकष्टी."

ती संकोचली. "गुरुजी, संकष्टी उद्या हाय. देवळातले गुरव सांगून गेले. यंदा दोन द्वितीया आल्या ना."

द्वितीयेची वृद्धी! घर सोडण्यापूर्वी मी ती स्वतः पंचांगात पाहिली होती, आणि दहा यजमानांना सांगितलीही होती. वाटेत एकेक दिवसाला एकेक तिथी मोजीत गेलो आणि ती विसरलो. त्या दिवशी चतुर्थी नव्हती, तृतीया होती. तीन तिप्पट नऊ, नऊची चौथाई सव्वादोन; म्हणजे ओहोटी सव्वाआठला. वाट सव्वादहालाच बंद झाली होती. उपवास एक दिवस आधी धरला, हे देव क्षमा करील. पण दोन मुलांपैकी एकाला मी पाण्यात नेत होतो आणि दुसरा त्या माउलीला कधी सापडलाच नसता. त्या घरची भाकरी मी त्या दिवशी खाल्ली. आमच्यासारख्याने खावी की न खावी, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे निघालो आणि श्रीवर्धन, महाड करीत मोटारीने घाट चढून पुण्यास व तेथून चिंचवडास आलो. सोपान वाटेत एकदाही झोपला नाही.

राहीआई होती. अंथरुणावर, जशी सोडली तशी. सोपानाच्या बायकोला मी दाराबाहेर विचारले, की या दिवसांत आई कधी उठल्या का. ती माझ्याकडे बघतच राहिली. "कशा उठतील भटजी? कूस बदलायची म्हटलं तरी मला लागतंय. सकाळी मी रानात जाते तवा एकट्याच पडून असतात." हिरवे लुगडे दांडीवर होते. मी ते नीट पाहिले. धुतलेले, कोरडे. त्यात काही नव्हते.

दगडू शेजारी बसला. तिने त्याचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोटांवरून बोटे फिरवली. रडली नाही. म्हणाली, "तेवढीच हायत. बरं झालं." मग दुसरा हात चाचपून सोपानाचा शोधला आणि दोघांचे हात आपल्या छातीवर एकावर एक ठेवले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समाचाराला गेलो. आमच्याकडे भाकरी ज्वारीची नाहीतर बाजरीची. पार्वतीने येताना तांदळाचे पीठ आणले होते. तिने तव्यावरून उतरवलेली भाकरी दुधात कुस्करून सासूला भरवली. राहीआईने दोन घास खाल्ले आणि तिच्याकडे तोंड वळवून म्हणाली,

"त्या दिशीची गार व्हती गं. आजची कशी ऊन ऊन हाय."

पार्वतीचा हात तसाच राहिला. सोपानाने माझ्याकडे पाहिले, मी सोपानाकडे. दगडूने मान खाली घातली. राहीआईने पुढच्या घासासाठी तोंड उघडले, तेव्हा पार्वतीने तो भरवला.

तिला कोणीही काही विचारले नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही. वैद्यांच्या बोलाविरुद्ध ती आणखी तीन वर्षे जगली. दोन्ही मुले, दोन्ही सुना घरात असताना तिने डोळे मिटले. विचारण्याची संधी मला शेकडो वेळा होती. विचारले असते तर तिने सांगितलेही असते, किंवा "मला काय ठावं" म्हणून हसली असती. यांपैकी काहीही ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

आता विचार करतो तेव्हा प्रत्येक गोष्टीला एकेक उत्तर देता येते. अधू पायाची दुसरी म्हातारी असू शकते. तिचाही मुलगा हरवलेला असू शकतो. गार भाकरीचे बोलणे वृद्धापकाळाच्या विस्मृतीचे असू शकते. पण सारी उत्तरे एकत्र ठेवली, की ती एकमेकांना धरून राहत नाहीत. वाळूत उमटलेली टाचेची भेग मी स्वतः पाहिली होती. प्रत्यक्ष म्हणजे पाहिलेले आणि शब्द म्हणजे ऐकलेले, या दोन्ही प्रमाणांनी जे समोर आले, त्यावरून अनुमान करण्याचे धैर्य मला आजतागायत झालेले नाही. शास्त्रात याचे उत्तर असेल तर ते मला सापडले नाही, इतके नम्रपणे नमूद करतो.

मात्र त्या दिवसापासून पंचांग उघडून पाहिल्यावाचून मी कोणाला तिथी सांगत नाही.

वाचकहो, ज्यांच्या घरचे कोणी रागाने वा दुखावून दूर गेले असेल, त्यांची पावले मंगलमूर्ती सुखरूप घराकडे वळवो. तुमच्या वाटेवर पाणी घेऊन कोणी ना कोणी उभे असो. आणि तुमच्या घरातील चूल सदैव पेटती राहून, येणाऱ्याच्या वाट्याला तिथे ऊन भाकरी येवो. शुभं भवतु.